सेव्ह्रची राजभांडी : अलंकरण, मुद्रा आणि प्रामाण्य

अठराव्या शतकातील फ्रेंच राजदरबारासाठी घडविलेली म्हणून जी पोर्सलिनची भांडी आज संग्रहालयांत आणि लिलावगृहांत पाहावयास मिळतात, त्यांचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. या भांड्यांचे सारे मोल त्यांच्या अलंकरणात आहे. आणि अलंकरण हीच गोष्ट अशी, की ती मूळ भांड्यावर पन्नास-साठ वर्षांनी नव्याने चढविता येते. भांडे अस्सल, त्याच्या तळावरील राजमुद्रा अस्सल, घडण अस्सल, आणि तरीही डोळ्यांस भुरळ घालणारे चित्र मात्र बनावट, असे या क्षेत्रात वारंवार घडले आहे. म्हणून या भांड्यांवर रंग कसा चढे, कोण चढवीत असे आणि त्याची नोंद कोठे होत असे हे समजून घेतल्यावाचून कलेतिहासाच्या दृष्टीने त्यांविषयी काहीही विधान करणे धाडसाचे ठरते. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः सेव्ह्र येथील राजकीय कारखान्यापुरता मर्यादित ठेवला आहे.

आरंभी परिभाषेविषयी दोन शब्द. मराठीत आपण बरणीपासून बशीपर्यंत सर्वच झिलईदार पांढऱ्या भांड्यांना ‘चिनी मातीची भांडी’ म्हणतो. व्यवहारास ते पुरे आहे. परंतु या विषयात हा शब्द दिशाभूल करतो. ज्या पदार्थामुळे सेव्ह्रची कीर्ती झाली त्यात चिनी माती, म्हणजे केओलीन, मुळीच नव्हती. चीनमधील पोर्सलिनचे रहस्य यूरोपात प्रथम सॅक्सनीमध्ये उलगडले आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. फ्रान्सजवळ मात्र त्या वेळी केओलीनची माहीत असलेली खाण नव्हती. तेव्हा तेथील कारागिरांनी निराळा मार्ग काढला. वाळू, सोरा, मीठ, सोडा, तुरटी व जिप्सम यांचे मिश्रण भाजून त्याची अर्धवट काच करावयाची, ती दळावयाची, आणि तीत खडू व चुनखडीयुक्त माती मिसळून लगदा बनवावयाचा. यास ‘मृदू पोर्सलिन’ म्हणतात. हा लगदा चाकावर नीट उभा राहत नसे, भट्टीत वाकत असे, आणि भाजताना बरीच भांडी वाया जात. म्हणजे पदार्थ या दृष्टीने ते एक अनुकरणच होते, आणि तेही अत्यंत खर्चिक व बेभरवशाचे. परंतु या दोषांसोबत एक असाधारण गुणही आला, आणि तोच या भांड्यांच्या अलंकरणाचा पाया होय.

मृदू पोर्सलिन दोनदा भाजावे लागे. पहिल्या भाजणीत बिनझिलईचे ‘बिस्किट’ तयार होई. त्यावर शिसेयुक्त झिलई देऊन ते त्याहून कमी उष्णतेत पुन्हा भाजले जाई. ही शिशाची झिलई थोड्या उष्णतेतही मऊ होत असल्यामुळे तिच्यावर नंतर लावलेले मिन्याचे रंग लहान भट्टीत भाजले असता पृष्ठभागावर तरंगत न राहता तिच्यात किंचित बुडतात. रंग आणि झिलई एकजीव होतात. बोट फिरविले तरी रंगाची कड सहसा लागत नाही. केओलीनयुक्त कठीण पोर्सलिनवर हे घडत नाही. तेथे रंग वरच्या वर राहतो व त्याला एक प्रकारची कोरडी चकाकी येते. सेव्ह्रच्या जुन्या रंगांना लोण्यासारखा मऊपणा आहे असे जे रसिक म्हणतात, त्यामागे एवढे रसायनशास्त्र आहे.

कारखान्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. 1740 मध्ये पॅरिसच्या पूर्वेस व्हँसेनच्या किल्ल्यात हा उद्योग सुरू झाला. 1745 मध्ये त्यास राजाची विशेष सनद मिळाली. 1753 मध्ये ‘राजकीय कारखाना’ ही पदवी मिळाली. 1756 मध्ये तो पॅरिसच्या पश्चिमेस, व्हर्सायच्या वाटेवर, सेव्ह्र येथे नव्या इमारतीत गेला. आणि 1759 मध्ये पंधराव्या लुईने तो स्वतःच्या मालकीचा करून घेतला. या साऱ्यामागे मादाम द पाँपादूर हिचा आग्रह होता, हे सर्वमान्य आहे. त्याच 1759 साली सप्तवार्षिक युद्धाच्या खर्चासाठी राजाने चांदीची ताटे-भांडी टांकसाळीत पाठविण्याचे आवाहन केले, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मेजावरील चांदी वितळू लागली त्याच वर्षी पोर्सलिन राजाचे झाले. राजाश्रयाची दुसरी बाजू अशी, की अन्य फ्रेंच कारखान्यांना सोनेरी काम व बहुविध रंग वापरण्यास दीर्घकाळ राजाज्ञेने बंदी किंवा मर्यादा होती. फ्रान्समध्ये सेव्ह्रची सर काही वर्षे कोणास आली नाही याचे श्रेय केवळ कौशल्याला देणे म्हणूनच एकांगी होईल.

ही भांडी ज्या मेजासाठी होती त्याची रीतही समजून घेतली पाहिजे, अन्यथा त्यांचे आकार अनाकलनीय वाटतात. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत पदार्थ एकामागून एक वाढले जात नसत. एका फेरीचे सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर सममितीने मांडले जात, मग ते उचलून दुसरी फेरी मांडली जाई. मुख्य फेऱ्यांना चांदी-सोन्याची भांडी असत आणि पोर्सलिनचा मान विशेषतः शेवटच्या, फळे व मिष्टान्ने यांच्या फेरीला असे. म्हणून राजसंचांत ताटल्यांच्या बरोबरीने फळांच्या मुरंब्याची पसरट पात्रे, साखरदाण्या, बर्फाच्या गोड पदार्थांचे चिमुकले पेले आणि ते ठेवण्याच्या पायांच्या तबकड्या मोठ्या संख्येने आढळतात. पाण्याचे वा मद्याचे पेले मेजावर ठेवण्याची चाल नव्हती; ते गार पाण्याच्या पात्रांत राहत. कंगोरेदार काठाची लांबट पात्रे पाहून आधुनिक प्रेक्षक त्यांस फुलदाण्या समजतो, ती वस्तुतः पेल्यांच्या दांड्या खाचांत अडकवून पेले उलटे गार ठेवण्याची पात्रे होत. मेजाच्या मध्यभागी बिनझिलईच्या पांढऱ्या ‘बिस्किट’ मूर्ती मांडल्या जात. संगमरवराचा आभास देणाऱ्या या मूर्तींचे काम 1757 ते 1766 या काळात शिल्पकार फाल्कोने याच्या देखरेखीखाली चाले.

आता अलंकरणाकडे वळू. त्याचे तीन थर मानता येतील : पार्श्वरंग, चित्र आणि सोने. यांतील पार्श्वरंग हे सेव्ह्रचे खास वैशिष्ट्य होय. भांड्याचा बहुतेक भाग एका सलग रंगाने भरावयाचा आणि त्यात काही पांढऱ्या जागा मोकळ्या सोडावयाच्या. चित्र त्या मोकळ्या जागांत येई. पहिला यशस्वी रंग गडद निळा. तो कोबाल्टचा असून झिलईच्या खाली, बिस्किटावरच लावला जाई. त्यामुळे तो ढगाळ व असमान दिसतो, आणि तो असमानपणाच आज त्याची शोभा मानला जातो. त्यानंतर 1753 मध्ये विज्ञान अकादमीचा रसायनज्ञ झाँ एलो याने तांब्यापासून सिद्ध केलेला ‘ब्ल सेलेस्त’, म्हणजे स्वर्गीय निळा, प्रचारात आला. हा रंगीत काचेच्या बारीक भुकटीच्या रूपाने झिलईवर चिकट द्रव्याच्या आधारे पसरला जाई. तो सारख्या थरात बसविणे फार कठीण, म्हणून तो फार महाग. हिरवा पार्श्वरंग 1756 च्या सुमारास आणि सोन्याच्या क्षारांपासून मिळणारा गुलाबी त्यानंतर लवकरच आला. या गुलाबीस आज सर्रास ‘पाँपादूर गुलाबी’ म्हणतात. हे नाव उत्तरकालीन आहे. तो रंग काही वर्षेच मोठ्या प्रमाणावर वापरला गेला व पाँपादूरच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1764 नंतर, मागे पडला. 1763 च्या सुमारास झिलईवर लावावयाचा अधिक एकसारखा असा नवा गडद निळा निघाला आणि पुढील राजसंचांत त्याचे वर्चस्व राहिले.

सलग पार्श्वरंग डोळ्यांस जड वाटू नये म्हणून त्यावर सोन्याने बारीक नक्षी काढीत : कधी वाळवीच्या वाटांसारख्या वळणावळणाच्या रेषा, कधी गोट्यांच्या फरसबंदीसारखे जाळे, तर कधी ठिपक्यांची वर्तुळे, ज्यांस फ्रेंच कारागीर ‘तित्तिराचा डोळा’ म्हणत. सोने भाजून काढल्यावर निस्तेज दिसे. मग ते घोटून त्यास ओप आणली जाई. काही भाग घोटावयाचा आणि काही तसाच ठेवावयाचा, एवढ्या भेदावर पाकळीच्या शिरा किंवा फितीची घडी दाखविण्याची करामत हे कारागीर करीत. माझ्या मते सेव्ह्रच्या कामातील सर्वांत कमी लेखला गेलेला भाग हाच होय. चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु चित्रांची कल्पना बहुधा उसनी असे. सोन्याच्या कामाची सहसा नसे.

चित्रे उसनी असत हे म्हणणे टीका म्हणून नव्हे. कारखान्यात छापील चित्रांचा मोठा साठा होता आणि चित्रकारांनी त्यांवरूनच काम करावे अशी अपेक्षा असे. बूशे याची बालके व मेंढपाळ, टेनीर्झच्या पद्धतीची खेडुतांची दृश्ये, चिनी ढंगाचे प्रसंग, हे सर्व छापांवरून आले. 1780 च्या दशकात बूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या पक्ष्यांवरील ग्रंथातील रंगीत चित्रे ताटल्यांवर उतरविण्यात आली आणि प्रत्येक ताटलीच्या पाठीमागे त्या पक्ष्याचे नाव लिहिण्यात आले. भोजनाचे भांडे आणि प्राणिशास्त्राचे पृष्ठ येथे एकच झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. चित्रकारांत श्रमविभाग काटेकोर होता. फुले काढणारा फुलेच काढी, पक्षी काढणारा पक्षीच. मानवाकृतींचे काम निवडक हातांकडे असे. शार्ल-निकोला दोदँ हा अशांपैकी अग्रगण्य असून त्याने 1754 पासून 1803 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे काम केले.

याच श्रमविभागामुळे संशोधकास एक उपयुक्त साधन मिळते. 1753 पासून भांड्याच्या तळावर परस्परांत गुंफलेले दोन ‘एल’ ही राजमुद्रा आणि तिच्या आत वर्षदर्शक अक्षर लिहिण्याचा प्रघात पडला : ‘ए’ म्हणजे 1753, ‘बी’ म्हणजे 1754, असे क्रमाने ‘झेड’ म्हणजे 1777 पर्यंत (डब्ल्यू हे अक्षर वगळून), आणि 1778 पासून दुहेरी अक्षरे. शेजारी चित्रकाराची व सोनेरी काम करणाऱ्याची खूण असे. दोदँची खूण ‘के’ हे अक्षर होते. व्हँसाँ नावाच्या सोनेरी कारागिराची खूण ‘2000’ हा आकडा होती. फ्रेंचमध्ये ‘वीस शंभर’ याचा उच्चार त्याच्या नावासारखाच होतो, एवढाच त्यातील विनोद. राजाच्या कारखान्यातही कारागिराला कोठेतरी हसण्यास जागा होती, हे पाहून बरे वाटते.

या खुणांशिवाय कारखान्याच्या दप्तरात भट्टीच्या नोंदी, चित्रकारांच्या कामाच्या नोंदी आणि विक्रीची खाती मोठ्या प्रमाणात टिकून राहिली आहेत. कोणत्या चित्रकाराने कोणत्या महिन्यात काय रंगविले, ते कोणत्या भट्टीतून निघाले आणि कोणास किती किमतीस विकले गेले, हे कित्येक भांड्यांबाबत सांगता येते. अठराव्या शतकातील उपयोजित कलेच्या फार थोड्या शाखांना असे भाग्य लाभले आहे. लंडनमधील वॉलेस संग्रह व ब्रिटिश राजसंग्रह यांच्या आधुनिक सूचींनी या दप्तराचा जो बारकाईने उपयोग केला आहे तो पद्धतीचा नमुना म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा, मग त्यांचा विषय पैठणीचा असो वा बिदरी कामाचा.

दप्तर आणि वस्तू यांची सांगड घातली म्हणजे प्रमुख राजसंचांचे चित्र बरेच स्पष्ट होते. पंधराव्या लुईचा पहिला मोठा संच 1753 ते 1755 या काळात तीन हप्त्यांनी पुरविला गेला. आकार द्युप्लेसी या सोनाराने आखलेले, आणि रंग नुकताच सिद्ध झालेला स्वर्गीय निळा. सोनाराने आकार आखल्यामुळेच या पात्रांच्या कडा व मुठी ओतीव चांदीची आठवण करून देतात. हाच निळा रंग 1776 मध्ये रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनने मागविलेल्या संचातही आहे. सुमारे आठशे नगांचा हा संच 1779 मध्ये रवाना झाला. किंमत तीन लाख लिव्रांहून अधिक. येथे एक महत्त्वाचा तपशील आहे. तोवर लिमोझजवळ सँ-तिरीए येथे 1768 मध्ये केओलीन सापडून सेव्ह्रमध्ये कठीण पोर्सलिन सुरू झाले होते. तरीही या संचासाठी जुने, त्रासदायक मृदू पोर्सलिनच वापरण्यात आले, कारण तो निळा रंग त्यावरच खुलत असे. संचावर रत्नांत कोरल्यासारखी प्राचीन पद्धतीची मुखचित्रे आहेत व ती वेगळी करून बसविलेली आहेत. अलंकरणाने पदार्थाची निवड ठरविली याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मारी आंत्वानेतच्या एका संचाची हकीकत संशोधकास सावध करणारी आहे. 1784 मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव सेव्ह्र येथे आला असता राणीसाठी तयार होत असलेला संच त्याच्या मनात भरला. सोळाव्या लुईने तो त्यालाच भेट दिला आणि राणीसाठी तसाच दुसरा करविला. म्हणजे एकाच आराखड्याचे, एकाच सुमाराचे दोन अस्सल राजसंच अस्तित्वात आले. केवळ अलंकरणाच्या साम्यावरून ‘ही राणीची ताटली’ असे म्हणणे किती घातक आहे हे यावरून कळेल.

भारताशी या कारखान्याचा थेट संबंध एकदा आला. टिपू सुलतानाचे तीन वकील, मुहंमद दरवेश खान, अकबर अली खान व मुहंमद उस्मान खान, 1788 मध्ये फ्रान्सला गेले; 10 ऑगस्ट रोजी व्हर्साय येथे सोळाव्या लुईने त्यांची भेट घेतली. त्यांना सेव्ह्रचा कारखानाही दाखविण्यात आला, आणि राजाने दिलेल्या भेटींत तेथील पोर्सलिन होते. राजनैतिक दृष्ट्या वकिलातीच्या हाती फारसे काही लागले नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. 1800 मध्ये आलेक्सांद्र ब्रोन्यार हा कारखान्याचा संचालक झाला. तो शास्त्रज्ञ होता. मृदू पोर्सलिन त्यास कालबाह्य वाटे. 1804 मध्ये त्याने ते बंद केले, आणि गुदामात पडून असलेला जुना, न रंगविलेला वा किरकोळ दोषांचा माल पुढील काळात विकून टाकला. कारखान्याच्या हिशेबाने ही साफसफाई होती. इतिहासाच्या हिशेबाने तो अनर्थ ठरला. पॅरिस व इंग्लंड येथील व्यापाऱ्यांनी तो माल घेतला आणि त्यावर अत्यंत कुशल चित्रकारांकडून स्वर्गीय निळा, गुलाबी, राजस्त्रियांची मुखचित्रे असे जे जे मागणीत होते ते चढविले. कोरा माल संपल्यावर साध्या फुलांच्या अस्सल भांड्यांवरील फुले आम्लाने खरवडून तेथे पार्श्वरंग भरण्यात येऊ लागला. इंग्लंडमध्ये रँडल या कारागिराचे नाव अशा कामाशी विशेष जोडले गेले आहे. हे काम कित्येकदा इतके सुबक आहे की त्यास केवळ बनावट म्हणून बाजूस सारणेही अन्यायाचे वाटते; परंतु ते 1757 चे म्हणून स्वीकारता येत नाही.

मग ओळखावे कसे? पहिली कसोटी खुणांची व चित्राची परस्पर संगती. तळावर फुलांच्या चित्रकाराची खूण आणि पुढे सैनिकी छावणीचे दृश्य असेल, तर संशय घ्यावा. दुसरी कसोटी झिलईची. जुनी शिसेयुक्त झिलई दीर्घ काळानंतर पुन्हा भाजली असता तिच्यावर काळे ठिपके व बारीक खळगे उमटतात. तिरप्या प्रकाशात खरवडलेल्या फुलांच्या छायाही कधी दिसतात. तिसरी कसोटी रसायनाची, आणि ती सर्वांत निर्णायक. क्रोमियम हे मूलद्रव्य व्होक्लँ याने 1797 मध्ये शोधले. त्यापूर्वी पोर्सलिनवरील हिरवे रंग तांब्याचे असत. ज्या भांड्यावर 1760 च्या दशकाचे वर्षाक्षर आहे त्याच्या पानांच्या हिरव्या रंगात क्रोमियम आढळले, तर तो रंग 1797 नंतरचा, यात वाद नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या साहाय्याने ही परीक्षा आज भांड्यास धक्का न लावता करता येते. तथापि तिचा उलट अर्थ काढू नये : क्रोमियम नसणे म्हणजे अस्सलपणा नव्हे. जुन्या पाककृती माहीत असणारे हात एकोणिसाव्या शतकातही होते.

चौथी गोष्ट राजवाड्यांच्या शिक्क्यांची. लुई फिलिपच्या कारकीर्दीत (1830–1848) राजवाड्यांच्या नित्य वापराच्या भांड्यांवर ‘शातो दे त्विलरी’, ‘शातो द फोंतेनब्लो’ असे शिक्के मारले जात. ही भांडी बहुधा साधीच असत. पुढे तशी भांडी बाजारात आली, त्यांवर चौदाव्या लुईच्या दरबारातील स्त्रियांची चित्रे रंगविण्यात आली, आणि अनेकदा शिक्काही नकली मारण्यात आला. अठराव्या शतकाची मुद्रा व एकोणिसाव्या शतकाचा शिक्का एकाच ताटलीवर पाहूनही ग्राहकांस शंका येत नसे. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातून न रंगविता विकलेल्या मालाची मुद्रा चाकाने आडवी कापून खुडण्याची पद्धत होती. तळावरील मुद्रेवर अशी चीर असेल तर एवढे निश्चित, की वरचे चित्र कारखान्याबाहेरचे. ही चीर सोन्याच्या वेलबुट्टीने झाकलेली आढळते, तेव्हा रंगविणाऱ्याचा हेतूही उघड होतो.

ज्याच्याविषयी असा कोणताच संशय उरत नाही असा संच म्हणजे सोळाव्या लुईचा स्वतःचा. 1783 मध्ये त्याने तो मागविला. गडद निळ्या पार्श्वरंगावर ग्रीक-रोमन पुराणकथा व रोमन इतिहासातील प्रसंग. काम इतके सूक्ष्म की वीस वर्षांहून अधिक काळ दरवर्षी थोडे थोडे नग पुरवावयाचे ठरले. कोणत्या वर्षी कोणते नग यावयाचे याचे वेळापत्रक राजाने स्वहस्ते लिहून काढले होते व पुढे आलेल्या नगांची नोंदही तो करीत असे. राज्य कोलमडत असताना ही कामे चालूच होती. जानेवारी 1793 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला तेव्हा संच निम्माही झाला नव्हता. तयार नगांचा मोठा भाग 1811 मध्ये इंग्लंडच्या त्या वेळच्या राजप्रतिनिधीने, पुढील चौथ्या जॉर्जने, विकत घेतला आणि तो आज विंडसर येथे आहे. वेळापत्रकातील उरलेली वर्षे कोरीच राहिली.